शाळा सोडली तरी एनबीए एक दिवसही लवकर येत नाही

पत्र असं आहे:

"माझा मुलगा अकरावीत आहे. जन्म मार्च 2009 चा, 2027 मध्ये हायस्कूल संपेल. उंची सहा फूट पाच इंच. शाळेच्या बास्केटबॉलच्या व्हर्सिटी (मुख्य) टीममध्ये आहे, उन्हाळ्यात एएयूच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या टुर्नामेंट खेळतो. त्याचा ट्रेनर म्हणतो, शाळेत वेळ वाया घालवू नकोस, माझ्याकडे फुल-टाइम ये, शाळेचं काय ते ऑनलाइन उरकू, दोन वर्षांत प्रो होशील. मुलाने मनाशी ठरवूनच टाकलंय. त्याचे बाबा म्हणतात, आधी डिग्री, मग बॉल. दोघांचं बोलणं बंद आहे, निरोप माझ्यामार्फत जातात. मंडळाच्या गणपतीत बायका विचारतात, 'काय मग, एनबीएत कधी?' वयाचा, शिक्षणाचा काही नियम असतो का? की मीच त्याची वाट अडवतेय?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी"

ताई,

नियम आहे, आणि तो तुमच्या घरातला निम्मा वाद मिटवण्याइतका स्पष्ट आहे. म्हणून आधी तोच सांगते.

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडतात. त्यात नाव यायचं तर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2005 च्या करारापासून दोन अटी आहेत. ज्या वर्षीचा ड्राफ्ट, त्या वर्षाच्या डिसेंबर अखेरपर्यंत मुलाला 19 वर्षं पूर्ण व्हायला हवीत. आणि अमेरिकेत शिकणारा असेल तर हायस्कूल संपल्यावर एनबीएचा किमान एक हंगाम उलटायला हवा. खरी मेख या दुसऱ्या अटीत आहे. मुलाने शाळा मधेच सोडली, तर त्याने कधी सोडली हे कुणी बघत नाही. त्याची बॅच ज्या वर्षी ग्रॅज्युएट होणार होती, तिथून वर्ष मोजतात.

आता तुमच्या मुलाचा हिशेब करा. त्याची बॅच 2027 ची, त्यावर एक हंगाम म्हणजे 2028. मार्च 2009 चा जन्म, 19 पूर्ण होणार 2028 मध्ये. दोन्ही अटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: जून 2028 चा ड्राफ्ट. त्याने उद्या शाळा सोडली तरी 2028, आणि नीट पास होऊन बाहेर पडला तरी 2028. ट्रेनरने दाखवलेल्या वाटेने एक महिनाही वाचत नाही. हा हिशेब तुम्ही त्याला ऐकवू नका, कागद-पेन देऊन त्यालाच करायला लावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईने सांगितलेला नियम अडवणूक वाटते, स्वतः मांडलेलं गणित मात्र तो मानतो.

तो कदाचित कूपर फ्लॅगचं नाव काढेल. त्या मुलाने हायस्कूल एक वर्ष आधी संपवलं, एक वर्ष ड्यूक विद्यापीठात खेळला आणि 2025 मध्ये डॅलसने त्याला सर्वांत आधी निवडलं, तेव्हा तो 18 चाच होता. पण त्याने शाळा सोडली नव्हती, लवकर पूर्ण केली होती. शिवाय त्याचा जन्म डिसेंबर 2006 चा, त्यामुळे 2025 संपायच्या आत 19 पूर्ण होत होती. तुमच्या मुलाने तसं केलं तरी वयाची अट त्याला 2028 च्या आत येऊ देणार नाही.

"नियम बदलेल ना" असंही तो म्हणेल. मर्यादा परत 18 वर आणायची चर्चा बरीच झाली, पण 2023 मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने नवा करार केला तेव्हा 19 ची अट तशीच राहिली, आणि तो करार 2029-30 च्या हंगामापर्यंतचा आहे. बदल होऊ शकतो, पण त्यावर भिस्त ठेवून कुणी शाळा सोडू नये.

एक मात्र मी मनापासून सांगते, हा नियम मुलांच्या शिक्षणाच्या काळजीपोटी आला असं मला वाटत नाही. पूर्वी हायस्कूलनंतर चार वर्षं थांबावं लागे. त्याविरुद्ध स्पेन्सर हेवूड हा खेळाडू कोर्टात गेला आणि 1971 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे 1995 मध्ये केविन गार्नेट, 1996 मध्ये कोबी ब्रायंट, 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स थेट शाळेतून आले. कोबी तर 17 चा होता, त्याच्या करारावर आई-वडिलांनाही सह्या कराव्या लागल्या. कोवळ्या मुलांवर कोट्यवधी लावण्याची जोखीम संघांना नको होती, म्हणून दार एक वर्ष लांबवलं गेलं. तुमचा मुलगा हा नियम अन्यायाचा आहे म्हणाला, तर त्याला खोडून काढू नका. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण ही तीन नावं घेणाऱ्याने चौथंही घ्यावं, आणि ते तुमच्याच न्यू जर्सीतलं आहे. लेनी कुक ओल्ड टॅपनच्या शाळेत खेळायचा, देशातल्या सर्वांत वरच्या मुलांत त्याची गणना व्हायची. 2001 च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्याच एबीसीडी या निवडक हायस्कूल खेळाडूंच्या कॅम्पमध्ये त्याची गाठ लेब्रॉनशी पडली आणि शेवटच्या क्षणी लेब्रॉनच्या बास्केटने सामना गेला. पुढच्या वर्षी कुकने कॉलेज टाळून ड्राफ्टला नाव दिलं. दोन्ही फेऱ्यांत कुणीही त्याला घेतलं नाही. एजंट आधीच केलेला, त्यामुळे कॉलेजकडून खेळायची वाटही बंद झाली. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. खेळात तो कमी होता म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. परतीचा रस्ता कुणी शाबूत ठेवला नाही, हे मात्र दिसतं.

हा परतीचा रस्ता तुमच्या मुलाच्या बाबतीत म्हणजे एनसीएए, कॉलेजची स्पर्धा. ड्राफ्टमध्ये येणारे बहुतेक अमेरिकन खेळाडू अजूनही तिथूनच येतात. आणि शाळेचे जे कडक नियम आहेत ते एनबीएचे नाहीत, इथले आहेत. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सर्वांत वरच्या गटात, पहिल्या वर्षापासून खेळायचं तर हायस्कूलचे 16 कोअर कोर्स (मुख्य विषयांचे) लागतात आणि त्यांत किमान 2.3 जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड. सॅट-अ‍ॅक्ट या प्रवेश परीक्षांची अट 2023 पासून राहिलेली नाही. त्या 16 पैकी 10 कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, सायन्सचे. एकदा बारावी सुरू झाली की या दहांचे मार्क सुधारायला पुन्हा बसता येत नाही. म्हणजे तो जे वर्ष सोडायला निघालाय, नेमकं तेच वर्ष सर्वांत महागाचं आहे. जीईडी, म्हणजे शाळेऐवजी द्यायची समकक्ष परीक्षा, करून घेऊ असं कुणी सुचवलं तर एवढं सांगा, की जीईडीने हायस्कूल पास धरतात, पण कोअर कोर्स त्याने भरून निघत नाहीत.

"ऑनलाइन उरकू" या शब्दांनी मला सर्वांत जास्त धास्ती वाटली. एनसीएए ऑनलाइन कोर्स मानते, पण त्यात शिक्षकाशी नियमित संपर्क हवा, ठराविक कालावधी हवा आणि तो कोर्स त्या शाळेच्या मान्य यादीत हवा. ही यादी सर्वांना खुली आहे. ट्रेनरकडून त्याच्या ऑनलाइन शाळेचा सहा अंकी कोड मागा, मुलाला शेजारी बसवा आणि एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर टाका. खाली कोर्सची नावं येतात. ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) जे नाव येणार तेच नाव यादीत दिसायला हवं. कोडच मिळाला नाही किंवा यादी रिकामी निघाली, तर उत्तर मिळालं असं समजा. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गाइडन्स काउन्सेलरकडून आजवरचा ट्रान्स्क्रिप्ट घ्या आणि दहांपैकी किती झाले ते तिघांनी मिळून मोजा.

कॉलेजवाचूनही वाटा आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. जी लीग या एनबीएच्याच दुय्यम लीगमध्ये 18 व्या वर्षी खेळता येतं. ब्रँडन जेनिंग्ज 2008 मध्ये शाळेनंतर इटलीला गेला आणि पुढच्याच वर्षी दहावा निवडला गेला. लामेलो बॉल लिथुआनिया, ऑस्ट्रेलिया करत 2020 मध्ये तिसरा आला. पण अशा मुलांकडे संघ स्वतः चालून येतात आणि पैसे देतात. इथे पैसे देणारे तुम्ही आहात. हा फरक मुलाला स्वच्छ शब्दांत सांगा. शिवाय एनबीएने अशाच मुलांसाठी काढलेला जी लीग इग्नाइट हा संघ 2024 मध्ये बंद झाला, कारण 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली आणि चांगली मुलं तिकडेच वळली.

आता त्याच्या बाबांविषयी. "आधी डिग्री, मग बॉल" हे वाक्य त्यांनी मागे घ्यायला हवं, कारण मुलाला त्यातून एवढंच कळतं की बाबांना माझा खेळ दिसत नाही. आणि ट्रेनरला तो दिसतो. रोज संध्याकाळी जो माणूस त्याच्या शूटिंगमधली चूक दाखवतो, कौतुक करतो, त्याच्या शब्दाला घरातल्या गप्प बसलेल्या माणसापेक्षा जास्त वजन येणारच. बाबांनी मॅचला जावं, घरी येताना गाडीत ग्रेड्सचा विषय काढू नये, आणि एकदा तरी स्वतःहून म्हणावं, 2028 पर्यंत काय काय लागेल ते दोघं मिळून बघू. निरोप पोचवायचं काम तुम्ही आजपासून बंद करा. "त्यांना तूच सांग" एवढं म्हणा. सुरुवातीला घर जास्त शांत होईल, घाबरू नका.

तुम्ही त्याची वाट अडवत नाही आहात, ताई. त्याच्या उंचीचा, मेहनतीचा अभिमान बाळगा आणि तो त्याला बोलून दाखवा. ट्रेनिंगही बंद करू नका. शाळेनंतरचे तास, शनिवार-रविवार, उन्हाळा, सगळं त्याला देता येईल. ट्रेनर खरोखर त्याच्या भल्याचा असेल तर या वेळापत्रकाला हो म्हणेल.

एक राहिलं. ट्रेनरने कुठलाही कागद पुढे केला तर तुमच्या दोघांपैकी कुणीही त्यावर लगेच सही करू नका. मुलगा अठराच्या आतला आहे, त्यामुळे ट्रेनर तुमचीच सही मागणार. पुढच्या कमाईत टक्का, एजंट म्हणून नेमणूक, फी परत न मिळण्याची अट, असलं काही त्यात आहे का ते वकिलाकडून वाचून घ्या. कॉलेजची पात्रता अशाच एखाद्या ओळीवरून अडचणीत येऊ शकते. कागद घरी न्यायला तो नको म्हणाला, तर तिथूनच उठा.