जुळ्यांची तारीख मोजताना आधी वार (प्लॅसेंटा) एक की दोन ते बघा

ताई, तुमची शेवटची पाळी १० ऑगस्टची, पोटात जुळी आहेत आणि कागदावर तारीख आलीय १७ मे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी सातपुड्यातल्या धडगावला जायचं आणि बाळंतपण तिथेच उरकायचं असं घरात ठरतंय, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट सांगते: आखाजीपर्यंत थांबून घाट चढू नका. माझीही जुळीच आहेत.

१७ मे ही तारीख चुकीची नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने सात दिवस, हा हिशेब एका बाळाला आणि दोन बाळांना सारखाच. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून तो पक्का करतात; दोघांत फरक असला तर मोठ्या बाळाचं माप धरतात. (टेस्ट ट्यूबवाल्यांचं वेगळं. पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस.) पण ही तारीख आठवडे मोजण्यापुरती. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, तिळी तर त्याहून लवकर.

म्हणून आज सोनोग्राफीचा रिपोर्ट काढा आणि वार एक आहे की दोन ते वाचा. डायकोरिऑनिक लिहिलं असेल तर दोघांची वार वेगळी. सगळं ठीक असेल तर डॉक्टर ३७ ते ३८ आठवड्यांत बाळंतपण करतात. तुमच्या हिशेबाने २६ एप्रिल ते मेचा पहिला आठवडा. मोनोकोरिऑनिक असेल तर वार एकच. तिच्यातल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ शकतं. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी, आणि बाळंतपण साधारण ३६ आठवड्यांना, म्हणजे १९ एप्रिलच्या सुमारास. दोघं पाण्याच्या एकाच पिशवीत असली तर ३२ ते ३४ आठवड्यांतच सिझर करतात. तसं फार थोड्यांचं असतं, पण तसं निघालं तर तुमचा मार्चअखेरच आला.

हे सगळं चौदा आठवड्यांच्या आत नीट दिसतं. माझ्या पहिल्या रिपोर्टात नुसतं ‘जुळी’ लिहिलं होतं. पाचव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोन बाळांमधला पडदा स्पष्ट दिसेना. मग वार एकच आहे असं धरून चालावं लागलं, दर पंधरा दिवसांनी अमळनेरहून जळगाव. तरी घरात सगळ्यांच्या डोक्यात कागदावरचीच तारीख. पस्तिसाव्या आठवड्यात रात्री दोनला पाणी गेलं, तेव्हाही सासूबाई म्हणत होत्या, ‘आजून महिना शे ना!’ दवाखान्यात न्यायची कपड्यांची पिशवीसुद्धा भरलेली नव्हती. बाळं नऊ दिवस काचेच्या पेटीत राहिली. आज दोघं शाळेत जातात, पण ती रात्र मी विसरले नाही.

लवकर पोचण्याला फार किंमत आहे. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, आणि त्यांचा पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस तरी हाताशी लागतो. तो दिवस घाट उतरण्यात घालवू नका. माहेरपण हवंच असेल तर आईला जळगावला बोलावून घ्या. नाहीतर नंदुरबारला कुणा नातेवाइकाकडे राहा, पण जिथे नवजात बाळांसाठी पेटी आणि बालरोगतज्ज्ञ आहेत अशा दवाखान्यात आधीच नाव घालून. हे सगळं तिसाव्या आठवड्याच्या आत, म्हणजे ८ मार्चपूर्वी.

एप्रिलमध्ये आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पाणी भरपूर प्या. पण पोट ठरावीक वेळाने कडक होत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बाळांची हालचाल कमी वाटत असेल, तर ‘उन्हामुळे असेल’ म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते.

रिपोर्टातलं वारेबद्दलचं वाक्य जसंच्या तसं इथे लिहा. ते नसेल तर उद्याच आशाताईंना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. तुमचे चौदा आठवडे १६ नोव्हेंबरला पूर्ण होतात.