विंडोजमध्ये फाईल शोधताना जेपीजी आणि पीडीएफ वगळता येतात का?

तुम्ही लिहिलंय की डीटीपीच्या दुकानात ग्राहकाच्या नावाने जुनी लग्नपत्रिका शोधायला गेलात की व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रूफच्या जेपीजी आणि पीडीएफच ढिगाने येतात आणि मूळ फाईल त्यात गडप होते. ती कोरलमध्ये केली होती की पेजमेकरमध्ये (दोन्ही छपाईची मांडणी करायचे प्रोग्राम), हेही आठवत नसतं. नको असलेले प्रकार नक्की वगळता येतात, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

फाईल एक्सप्लोररच्या सर्च बॉक्समध्ये आधी नाव लिहा. मग एक स्पेस, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटूनच इंग्रजीत ई-एक्स-टी, कोलन, टिंब, जे-पी-जी. पीडीएफही नको असेल तर पुन्हा स्पेस देऊन तेच, फक्त शेवटी पी-डी-एफ. वजाऐवजी इंग्रजी ‘नॉट’ चालतं, पण कॅपिटलमध्येच. स्मॉलमध्ये लिहिलं तर विंडोज तो शोधायचा शब्द समजतं.

एक घोळ इथे हमखास होतो. ‘जेपीजी नको किंवा पीडीएफ नको’ असं मध्ये ‘ऑर’ घालून लिहिलं की काहीच वगळलं जात नाही. कारण जेपीजी फाईल पीडीएफ नसते आणि पीडीएफ फाईल जेपीजी नसते, म्हणजे प्रत्येक फाईल एक ना एक अट पूर्ण करतेच. दोन वजांच्या मध्ये नुसती स्पेस ठेवा. तिचा अर्थ ‘आणि’ होतो.

आता तुमच्या धंद्यातली अडचण. व्हॉट्सअॅप वेबवरून उतरवलेले फोटो बहुतेक वेळा जे-पी-ई-जी असे चार अक्षरी एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतरची प्रकार सांगणारी अक्षरं, घेऊन येतात. तीन अक्षरी जेपीजी वगळूनही ते यादीत राहतात, म्हणून दोन्ही लिहा. व्ह्यू मेनूतून फाईल नेम एक्स्टेंशन्स दिसतील असं करून ठेवा, म्हणजे नेमकं काय वगळायचं ते डोळ्यांसमोर राहील. सगळी चित्रं एकदम काढायला वजा, के-आय-एन-डी, कोलन, पिक्चर असंही लिहिता येतं, पण तुम्हाला मी ते सुचवणार नाही. त्यात स्कॅन केलेल्या टिफ फायलीही जातात, आणि जुन्या कामाचा मूळ लोगो कित्येकदा टिफमध्येच असतो.

नावात ग्राहकाचा उल्लेख नसलेल्या पीडीएफ का येतात, हेही तुम्ही विचारलंय. इंडेक्स केलेल्या, म्हणजे विंडोजने शोधासाठी आधीच सूची करून ठेवलेल्या, फोल्डरमध्ये विंडोज फाईलच्या आतला मजकूरही शोधतं. फक्त नावात शोधायचं असेल तर शब्दाच्या आधी एन-ए-एम-ई आणि कोलन लावा.

इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन जेपीजीवरची खूण काढा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो मानू नका. तो प्रकार इंडेक्समधूनच जातो, आणि उद्या ग्राहक तेच प्रूफ मागायला आला की पंचाईत होते.

रोजचंच काम असेल तर ‘एव्हरीथिंग’ हा मोफत प्रोग्राम घ्या. तो एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाईल-मांडणी) ड्राइव्हची फायलींची नोंदवहीच वाचतो, त्यामुळे टाईप करता करता यादी गाळली जाते. तिथे वजाऐवजी उद्गारचिन्ह लागतं: उद्गारचिन्ह, ई-एक्स-टी, कोलन आणि पुढे जेपीजी, जेपीईजी, पीएनजी, पीडीएफ असे सगळे प्रकार सेमीकोलनने जोडून, टिंबाशिवाय. कोरलच्या बॅकअप फायलींचा त्रास मात्र एक्स्टेंशनने जात नाही, कारण कोरलच्या मूळ फाईलसारखं त्यांचंही एक्स्टेंशन सीडीआरच असतं. पण त्यांच्या नावाची सुरुवात ‘बॅकअप, अंडरस्कोअर, ऑफ’ अशी असते. ते शब्द उद्गारचिन्ह लावून इंग्रजीत लिहिले की त्याही गेल्या. ही सगळी ओळ फिल्टर म्हणून साठवून ठेवता येते. पुढच्या वेळी फिल्टर निवडायचा आणि नाव लिहायचं.

आणि फाईल कशात केली होती ते आठवत असेल, तर वगळायच्या भानगडीत पडूच नका. कोरल असेल तर एक्सप्लोररमध्ये वजा न लावता ई-एक्स-टी, कोलन, टिंब लिहून थेट सीडीआर मागा. पेजमेकर असेल तर ६.५ च्या फायलींना पी-६५ आणि ७ च्या फायलींना पी-एम-डी असतं. दोन्ही एकदम मागताना मध्ये कॅपिटलमधलं ‘ऑर’ घाला. इथे ते बरोबर चालतं.