जीआयएसचा कोर्स करू की एमएस्सी?

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भूशास्त्र आणि रसायनशास्त्र. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी भूजलाच्या गुणवत्तेचे नकाशे तयार करण्याच्या कामात मला रस आहे. त्यासाठी जीआयएसचा (संगणकावर नकाशे तयार करण्याच्या प्रणालीचा) छोटा कोर्स पुरेल का? घरचे म्हणतात, एमएस्सीत दोन वर्षं कशाला घालवतेस?

उत्तर : कोर्स पुरणार नाही. जीआयएस लागतंच, पण या कामातला तो सगळ्यात सोपा भाग आहे. क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीत स्वतःच बसून शीक.

अडचण अशी की सॉफ्टवेअर कधी नाही म्हणत नाही. चाळीस विहिरींचे आकडे भरले की मधली सगळी जागा ते रंगवून देतं. समज, दोन विहिरी शेजारी आहेत. एक दहा मीटरची उघडी विहीर, दुसरी शंभर मीटरची बोअर. उथळ विहिरीत गटाराचं पाणी मुरून नायट्रेट वाढलंय, तर बोअरमध्ये खडकातून विरघळलेलं फ्लोराइड आहे. दोन्हींचे जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे खडकांचे थर, वेगळे. ते एकाच नकाशात घातले, तर मधल्या भागाला जो रंग येतो तसं पाणी जमिनीखाली कुठेच नसतं! हे ओळखायला भूशास्त्रच लागतं. क्रिगिंगची, म्हणजे मोजलेल्या विहिरींवरून मधल्या जागेचा अंदाज बांधायची सांख्यिकी पद्धत वापरलीस तर अंदाज कुठे कच्चा आहे तेही कळतं, पण दोन जलधरांची सरमिसळ ती पकडून देत नाही.

त्याच्याही आधी येतो नमुना. विहिरीत साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की मगच बाटली भरायची. सामू (पीएच) जागेवरच मोजायचा, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून तो बदलतो. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीच्या काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटतात आणि अहवालात कमी दिसतात. अहवाल आला की धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे त्यांच्या विद्युतभाराच्या हिशेबाने, जुळवून बघायची. साधारण 5 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कुठेतरी गडबड आहे. हा हिशेब तुला आजही जमेल. नुसता कोर्स केलेल्याला तो बहुधा सुचणारही नाही.

पिण्याच्या पाण्यात हे फार महत्त्वाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे आणि आर्सेनिकची 0.01. कोणती विहीर पुरवठ्याला जोडायची, कोणती बंद करायची, हे अशा दशांशांवर ठरतं.

म्हणून एमएस्सी कर, भूजलशास्त्राचा पेपर आणि क्षेत्रकार्य असलेली. नुसत्या नावावर जाऊ नकोस, अभ्यासक्रम उघडून बघ. प्रकल्पाला छोटाच भाग घे, पण त्याच विहिरींचे नमुने पावसाआधी आणि पावसानंतर असे दोनदा घे. पुढे पाणीपुरवठा विभाग, भूजल सर्वेक्षण, सल्लागार कंपन्या, प्रयोगशाळा असे रस्ते आहेत. पगाराची सुरुवात मात्र आयटीसारखी नसते, हे घरच्यांना आधीच सांगून टाक.

आणि एक. उन्हात हिंडणं, "आमच्या विहिरीला नावं ठेवायला आलात का?" असं ऐकून घेणं, हे या कामात रोजचं आहे. ते नकोच असेल आणि संगणकावरच मन रमत असेल, तर दूरसंवेदनाकडे, म्हणजे उपग्रहांच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याकडे जा. तिथे तुझा हा छोटा कोर्स खरंच कामाला येईल.