फुटबॉलमध्ये डिफेंडरची कारकीर्द स्ट्रायकरपेक्षा जास्त टिकते, हे खरं आहे का?

सेंटर-बॅकबद्दल, म्हणजे गोलसमोर मधे खेळणाऱ्या डिफेंडरबद्दल, विचारत असाल तर बहुतेक वेळा हो. फुल-बॅकबद्दल, म्हणजे कडेला खेळणाऱ्या डिफेंडरबद्दल, विचारत असाल तर मी लगेच मान डोलावणार नाही.

मी हौशी सामन्यांत कायम मागेच खेळत आलोय, आणि टीव्हीवरही चेंडू सोडून मागच्या चौघा डिफेंडरांकडे बघत बसायची खोड आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हल्लीचा फुल-बॅक निम्मा विंगरच, म्हणजे कडेने हल्ला चढवणारा खेळाडूच, असतो. पुढे धाव, क्रॉस टाक (कडेवरून गोलसमोर चेंडू दे), चेंडू गेला की तेवढीच धाव उलटी. तिशीनंतर पाय किंचित जरी जड झाले तरी समोरचा विशीतला विंगर ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो. म्हणून ज्यांना जमतं ते फुल-बॅक वेळीच आत सरकतात. पाओलो माल्दिनी जानेवारी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी एसी मिलानकडून पहिल्यांदा उतरला, डावा फुल-बॅक म्हणून नावारूपाला आला, पुढे मधे खेळायला लागला आणि २००९ मध्ये चाळिशीत थांबला. मिलानसाठी ९०२ सामने! सर्जियो रामोसनेही उजवी बाजू सोडून असंच मधे बस्तान बसवलं.

मधे वय का चालून जातं, ते एका प्रसंगात दिसतं. स्ट्रायकर गोलकडे पाठ करून चेंडू घेतोय. नवखा सेंटर-बॅक त्याच्या पाठीला चिकटतो आणि मागून पाय घालतो. मग एकतर फाउल, नाहीतर स्ट्रायकर त्याच्याच अंगावर रेलून गर्रकन वळतो. मुरलेला सेंटर-बॅक हातभर अंतर राखतो, अंग तिरकं धरतो आणि वळायला एकच बाजू मोकळी ठेवतो, तीही टचलाइनकडची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडची. चेंडू यायच्या आधीच त्याने खांद्यावरून मागे बघून आपल्यामागे कोण सुटलंय ते हेरलेलं असतं. टॅकल करायची वेळच येत नाही. हा अंदाज सामने खेळूनच येतो. त्यात मागची चूक थेट गोलात जाते, म्हणून कोचही या जागेवर अगदी कोवळ्या पोरांना टाकायला कचरतात.

त्यामुळे बरेच सेंटर-बॅक उशिरा फळाला येतात. व्हर्जिल व्हॅन डाइक जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पाउंडांना लिव्हरपूलला आला तेव्हा २६ वर्षांचा होता. डिफेंडरसाठी तेव्हा तो विक्रम होता. इटलीच्या फाबियो कानावारोला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला २००६ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी. (उंची जेमतेम पावणेसहा फुटांच्या आसपास, तरी हवेतले चेंडू जिंकायचा. टायमिंग!)

पण नुसता अनुभव पुरत नाही, संघाची पद्धतही जुळावी लागते. बचावफळी मध्यरेषेजवळ उभी करणाऱ्या संघात मागे अर्धं मैदान रिकामं असतं आणि तिथे म्हाताऱ्या पायांची फजिती ठरलेली. थियागो सिल्वा २०२० मध्ये ३५ व्या वर्षी चेल्सीत आला. पुढे कोच टुखेलने तीन सेंटर-बॅक खेळवले आणि त्याला बरोबर मधे ठेवलं. धावायचं काम शेजारच्या दोघांकडे, मैदान वाचायचं याच्याकडे. २०२१ मध्ये चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. शिवाय आता पासिंगही यावंच लागतं. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येत नाही. म्हणजे अडचणीत चेंडू त्याच्या हातात देऊन सुटता येत नाही, आणि तेव्हापासून नुसता चेंडू भिरकावणाऱ्या डिफेंडरचे दिवस भरत आले.

आता दुसरी बाजू. गुडघ्यांचं सगळेच बोलतात. व्हॅन डाइकचाही २०२०-२१ चा जवळजवळ सगळा हंगाम लिगामेंटच्या दुखापतीत गेला. माझ्या मते खरी काळजी डोक्याची आहे. फ्रान्सचा सेंटर-बॅक राफाएल वरान याने २०२४ मध्ये उघडपणे सांगितलं, की २०१४ च्या विश्वचषकात डोक्याला मार बसल्यानंतरही तो जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना खेळला होता. पुढे त्याच वर्षी, गुडघा दुखावल्यावर, विश्वविजेता वरान ३१ व्या वर्षी निवृत्त झाला. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंवर ग्लासगो विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका सर्वाधिक डिफेंडरना आढळला, सर्वसामान्य माणसाच्या सुमारे पाचपट. ज्यांची कारकीर्द लांबली त्यांना धोकाही जास्त. २०२१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने सरावात आठवड्याला जोरदार हेडर (डोक्याने मारलेले चेंडू) जास्तीत जास्त दहा, अशी सूचना काढली. मला ती फार उशिरा आलेली वाटते.

आता स्ट्रायकरशी तुलना. स्वीडनचा स्ट्रायकर इब्राहिमोविच ४१ पर्यंत खेळला, तेव्हा पुढचे सगळेच लवकर संपतात असं नाही. पण तशी नावं आठवावी लागतात. चाळिशीकडे झुकलेले सेंटर-बॅक सहज सापडतात. पेपे तर २०२४ च्या युरोमध्ये ४१ व्या वर्षी पोर्तुगालकडून पहिल्या अकरात होता. आणि निव्वळ टिकण्याचाच हिशेब असेल तर गोलकीपर या दोघांच्याही पुढे. बुफॉन ४५ व्या वर्षी थांबला, आणि ग्लासगोच्या त्याच अभ्यासात गोलकीपरांचा धोका सर्वसामान्यांपेक्षा ठळकपणे वेगळा दिसला नाही.