पुरस्काराचं वर्ष नेमकं कुठलं धरायचं?

प्रश्न (बार्शी): पोलीस भरतीची तयारी करतोय. सराव पेपरात '२०२३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार कोणाला' असं होतं, मी वहिदा रेहमानवर टिक केली कारण तशी बातमी २०२३ मधेच वाचलेली. आन्सर की मधे मोहनलाल आहे आणि ग्रुपवर एक जण मिथुन चक्रवर्तीवर अडून बसलाय. नक्की कोण?

उत्तर: की बरोबर आहे, मोहनलालच. पण तुम्ही वाचलेली बातमीही खरी होती, घोळ सगळा वर्षाचा आहे. वहिदा रेहमान यांचं नाव सप्टेंबर २०२३ मधे जाहीर झालं ते २०२१ सालच्या पुरस्कारासाठी. मिथुनदांना ८ ऑक्टोबर २०२४ ला दिला तो २०२२ चा, आणि मोहनलालना २३ सप्टेंबर २०२५ ला ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सोहळ्यात मिळाला तो २०२३ चा. म्हणजे तिन्ही वेळा दोन वर्षांचा फरक. त्याच सोहळ्यात 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, तोही २०२३ चाच धरायचा.

आता प्रश्नातला शब्द नीट बघा. '२०२३ चा पुरस्कार' म्हटलं तर मोहनलाल, '२०२३ मधे जाहीर झालेला' म्हटलं तर वहिदा रेहमान, एका शब्दावर मार्क जातो. मोबाईलवर फिरणाऱ्या वनलायनर पीडीएफ मधे नेमकं हेच गाळलेलं असतं, फक्त नाव आणि कुठलंतरी एक वर्ष, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण पोरं वर्षवर्ष घासतात आणि मेरिट एकेका मार्कानं हुकतं. वहीत प्रत्येक पुरस्कारापुढं तीन रकाने करा, कुठल्या वर्षाचा, कधी जाहीर, कधी प्रदान. वेळ लागतो पण परत गोंधळ होत नाही.

प्रश्न (गडहिंग्लज): आमच्या जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेला अर्जुन पुरस्कार २०२४ चा की २०२५ चा?

उत्तर: २०२४ चा, प्रदान १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात. त्याच दिवशी मनू भाकर, डी. गुकेश, हरमनप्रीत सिंग आणि प्रवीण कुमार या चौघांना मेजर ध्यानचंद खेलरत्न दिला, तोही २०२४ चाच. स्वप्निलचं पॅरिसमधलं ब्राँझ ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं, हे पूर्ण नाव पाठ करा, नुसतं 'नेमबाजी' लिहून भागत नाही. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक थेट हेच. त्याच्या कोच दीपाली देशपांडेंना द्रोणाचार्य मिळाला. आणि याच यादीतलं एक नाव पोरांच्या वहीत सहसा दिसत नाही ते म्हणजे मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, तरी १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमधे पोहण्यात सुवर्ण जिंकलं, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्यांना जीवनगौरव गटात अर्जुन मिळाला तो इतक्या वर्षांनी, ऐंशीच्या घरात. हे नाव मार्कासाठी नाही तरी लिहून ठेवाच.

प्रश्न (सेलू): भारतरत्न वर्षाला तिघांनाच देतात ना, मग २०२४ मधे पाच कसे?

उत्तर: तीनची मर्यादा आहे खरी, पण ती आधीही ओलांडलेली आहे, १९९९ ला चार जणांना दिलेला. २०२४ चे पाच म्हणजे कर्पूरी ठाकूर, लालकृष्ण अडवाणी, पी. व्ही. नरसिंह राव, चौधरी चरण सिंग आणि एम. एस. स्वामिनाथन. अडवाणी सोडले तर चौघांना मरणोत्तर, हा पोटप्रश्न विचारण्यासारखा आहे. अडवाणींना राष्ट्रपतींनी ३१ मार्चला घरी जाऊन दिला, बाकीच्यांच्या घरच्यांनी आदल्या दिवशी राष्ट्रपती भवनात स्वीकारला. आणि हो, नावाआधी 'भारतरत्न' लावता येत नाही, घटनेच्या कलम १८ मुळं.

प्रश्न (वाशी): ज्ञानपीठ सरकारी पुरस्कार आहे का?

उत्तर: नाही, तो भारतीय ज्ञानपीठ ही खाजगी संस्था देते. २०२३ चा गुलजार आणि रामभद्राचार्य या दोघांना, २०२४ चा हिंदीतले विनोदकुमार शुक्ल यांना, जाहीर मार्च २०२५ मधे. मराठीत आतापर्यंत चार, खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे.