पहाटे चारला निघा

एप्रिल संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. परीक्षा, डबा, मोबाइल सगळं मागे पडतं आणि ‘मुलांना न्यायचं कुठे’ एवढंच उरतं. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण त्यातली चूक मी स्वतः करून बसले आहे.

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. मे महिन्यात नणंदेची दोन मुलं पुण्याहून दहा दिवस येणार आहेत. ह्यांना सुट्टी फक्त रविवारी. म्हणून एकाच रविवारी महेश्वर, मांडू आणि जमलं तर ओंकारेश्वर, असा बेत कागदावर मांडला आहे. सासूबाई (वय ७१) म्हणतात, मीही येणार. जमेल का?

उत्तर : कागदावर जमेल. नऊ वर्षांपूर्वी हाच बेत आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. तिथेही तो छान दिसत होता.

आम्ही सकाळी आठला निघालो. पोहे-जिलेबी आटोपल्याशिवाय इंदूरचा माणूस गावाची वेस ओलांडत नाही, त्यात अर्धा तास गेला. मानपूरचा घाट उतरता उतरता गाडीचा एसी बसला. महेश्वरला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. देवळाबाहेर चपला काढल्या आणि मुलगी तापल्या फरशीवर जी उड्या मारायला लागली, ती थेट बाबांच्या खांद्यावर जाऊन थांबली. सासूबाईंना चक्कर आली. एका दुकानदाराने आपली खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, त्याचे उपकार अजून आहेत. दुपारी चारला मांडूत पोचलो तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जहाज महालासमोरचा आमचा एक फोटो आहे. त्यात सहा माणसं सहा दिशांना बघताहेत. ओंकारेश्वर अर्थातच राहिलं.

नंतर मुलाला विचारलं, काय आवडलं? म्हणाला, मांडूची चिंच. तिथे रस्त्याकडेला गोरखचिंचेची टणक, भोपळ्यासारखी फळं विकायला असतात, आत पांढरा आंबट गर. झाड मूळचं आफ्रिकेतलं, खोड हत्तीच्या अंगासारखं. त्या फळाची करवंटी आज त्याच्या टेबलावर पेन्सिली ठेवायला आहे. तीन ठिकाणांच्या खर्चात एवढीच वस्तू घरी आली.

आमची चूक ठिकाणांची नव्हती, घड्याळाची होती. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. महेश्वर नर्मदेच्या खोऱ्यात, चारेकशे मीटर खाली. नुसत्या उंचीच्या फरकाने तिथे दोन-तीन अंश जास्त तापतं, शिवाय घाटाचा दगड ऊन धरून ठेवतो. माळव्याच्या रात्रीचं कौतुक ‘शब-ए-माळवा’ म्हणून होत आलंय, ते उगीच नाही. दिवसभर भाजलेलं पठार रात्री निवतं. मग त्या गारव्यातच प्रवास उरकावा, हे समजायला मला एक अख्खा रविवार आणि सासूबाईंची चक्कर लागली.

तेव्हा एकच ठिकाण धरा, महेश्वर. सव्वाचारला गाडी हलली पाहिजे. मुलांना आदल्या रात्री बाहेरच्या कपड्यांतच झोपवा आणि उचलून गाडीत घाला. महूवरून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागलात तर वाटेत जाम दरवाजा लागतो, अहिल्याबाईंच्या काळातला. तिथून खाली पसरलेलं निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा मुलूख, दिसतो. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, ते तिथे उभं राहून बघा. रस्ता वळणांचा आहे. अंधारात घाट चालवायची सवय नसेल तर सरळ मुंबई-आग्रा रस्त्याने धामनोदवरून जा, दरवाजा परत कधी तरी. बरोबर दशम्या आणि कैरीचा तक्कू. पोहे तिकडेच खा, नाहीतर पुन्हा साडेअकरा वाजतील.

सातला महेश्वर. किल्ल्यावरून घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्या दगडी आहेत आणि बऱ्याच आहेत, म्हणून सासूबाईंना वरच राजवाड्यात बसवा. अहिल्याबाईंची गादी आणि देवघर तिथेच आहे, त्यांचा वेळ तुमच्यापेक्षा चांगला जाईल. मुलांना माग दाखवा. किल्ल्यात रेहवा संस्थेत महेश्वरी साडी विणताना बघता येते. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, आणि काठावर घाटाच्या दगडातलीच नक्षी. आधी माग बघायचा आणि मग ती नक्षी घाटावर जाऊन शोधायची, एवढ्या खेळावर नऊ वर्षांचं पोर तासभर गुंततं. पाच वर्षांची मुलगी नावेत रमेल.

पाण्याचं मात्र कडक सांगते. महेश्वरजवळ सहस्रधारेला खडकांतून नर्मदा शेकडो धारांनी फुटते, दिसायला फार सुंदर, पण तिथे मुलांना पाण्यात उतरवू नका. वर धरणं आहेत, पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. 2005 च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला भूतडी अमावास्येच्या स्नानाला जमलेली कितीतरी माणसं इंदिरा सागर धरणातून आलेल्या पाण्यात वाहून गेली. ते आठवून मी नदीकाठी मुलांचं मनगट कधी सोडलेलं नाही. मुलगा आता सोळाचा आहे, चिडतो. चिडू दे.

दहाला परत फिरा, साडेबारापर्यंत घरी. जेवण, कूलर, झोप. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटल्या भरून न्या, चमचा चहाचा घ्या. चवीला पाहिजे तर लिंबू पिळा. पन्हं आहेच. सासूबाईंना ‘तहान नाही’ म्हणू देऊ नका.

मांडू जुलै-ऑगस्टसाठी ठेवा. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंना तलाव आहेत, ते भरले की इमारत जहाज दिसते. मे महिन्यात ते जहाज चिखलात रुतलेलं असतं. पाताळपाणीचंही तेच. धबधबा बघायला जाल आणि कोरडा कडा बघून याल. पुण्याची मुलं म्हणतील, हेच का? आणि ते खरंच असेल.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. कुठेही चल म्हटलं की ‘बोर’. तिला फक्त मॉलमध्ये जायचं असतं. जबरदस्तीने न्यावं का? (एक बाबा, राजेंद्रनगर)

उत्तर : नेऊ नका. एक सकाळ तिच्या हाती द्या. पाचशे रुपये तिच्या पर्समध्ये, कुठे जायचं ती ठरवेल, रिक्षाचे पैसे ती देईल, हिशोब ती सांगेल. तुम्ही मागे चालायचं, आणि ‘मी म्हटलं होतं ना’ हे वाक्य घरी ठेवून जायचं.

माझ्या मुलीने कांच मंदिर निवडलं, फोटोंसाठी, ते मी ओळखलं. भिंती, छत, खांब, सगळीकडे काचच काच. पण आत फोटो काढू देत नाहीत म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं. मग दहा मिनिटांनी नुसतीच मान वर करून बघत बसली. तिथून चालत इंदूरचा राजवाडा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे, हे तिने मला दाखवलं. चाळीस वर्षं त्यासमोरून जाऊन मी कधी मोजले नव्हते. शेवटी मॉलमध्ये गेलोच, आइस्क्रीमला. उरलेले साठ रुपये तिने परत केले नाहीत.

प्रश्न : मुलाला घाटात हमखास उलटी होते. काय करू?

उत्तर : निघण्याआधी दूध आणि तळलेलं बंद, पोट अगदी रिकामंही नको. मोबाइल काढून घ्या, खिडकी उघडा, समोर लांब बघायला सांगा. गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि घाट लागायच्या बऱ्याच आधी. आवळासुपारी आमच्याकडे चालते, का ते विचारू नका. जुना टॉवेल ठेवाच.

प्रश्न : मी रामबागेत राहणारी आजी. पुण्याची नातवंडं आली की आमच्या ‘करून राहिले’, ‘जाऊन राहिले’वर हसतात. आणि या वेळी त्यांना सराफ्यात गराडू खायचा आहे. त्यांची समजूत कशी घालू?

उत्तर : आजी, गराडू थंडीतला कंद. मे महिन्यात त्यावर अडून बसू नका, भुट्ट्याचा कीस खायला घाला. दुपारी गच्च झोपवा आणि रात्री दहाच्या पुढे न्या, सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं मांडतात, हे बघण्यातच अर्धी मजा आहे. पाच वर्षांखालच्याला गर्दीत कडेवरच ठेवा.

भाषेचं म्हणाल तर मल्हारराव होळकरांच्या मागोमाग आपली माणसं माळव्यात आली त्याला आता जवळजवळ तीनशे वर्षं होतील. एवढे दिवस शेजारणीशी हिंदीत बोलून आपण घरात मराठी टिकवली, तिला थोडा शेजारणीचा वास लागणारच. पोरांना रागावू नका. दहा दिवस भरपूर खायला घाला आणि तुमच्या पद्धतीने बोलत राहा. परत जाताना गाडीच्या खिडकीतून त्यांच्यातलं एक जरी ‘आजी, आम्ही निघून राहिलो’ म्हणालं, तर मला पोस्टकार्ड टाका.