निवडणूक हरूनही हॉवर्ड डीन यांचा कार्यकर्त्यांवरचा प्रभाव कसा टिकला?

डीन हरले, पण त्यांनी जोडलेली माणसं घरी बसली नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत ते सुरुवातीलाच, आयोवा राज्यात, मागे पडले. मात्र इंटरनेटवरून छोट्या देणग्या गोळा करायच्या आणि समर्थकांनी आपापल्या गावात स्वतःच बैठका भरवायच्या, ही पद्धत त्यांच्या मोहिमेने रुजवली. माघारीनंतर लगेच त्यांनी ‘डेमोक्रसी फॉर अमेरिका’ ही संघटना काढली. ती स्थानिक उमेदवारांना प्रशिक्षण आणि पाठबळ देई. २००५ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पन्नासही राज्यांत, अगदी पक्ष हमखास हरायचा तिथेही, पगारी संघटक नेमायला पैसा दिला. त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा मला हे काम मोलाचं वाटतं. २००८ मध्ये ओबामांच्या मोहिमेला हीच नांगरलेली जमीन मिळाली.